चहाचा हिशेब क्युसेकमध्ये

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी पेपर उघडला की आधी राधानगरीची बातमी शोधतो. पाणीपातळी ३४७.५ फुटांवर गेली का, दरवाजा उघडला का, उघडला तर किती. मग ते ठरलेलं वाक्य येतं : एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग सुरू. पंचगंगेकाठच्या माणसाला पुढचं गणित शिकवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, आणि त्याच्याही वर गेलं की आधी जनावरं हलवायची. हे सगळं तोंडपाठ असतं, आणि हे सगळं बोललं जातं ते हातात चहा घेऊन.

पण १४२८ क्युसेक म्हणजे नेमकं किती, असं कुणाला विचारून बघा. 'लई हाय' यापलीकडे उत्तर मिळणार नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. घनफूट म्हणजे २८.३ लिटर. गुणाकार केला की एका दरवाजातून सेकंदाला ४०,४३६ लिटर पाणी पडतं असं निघतं. तरीही डोळ्यांपुढे काही येत नाही. लिटर हे माप दुधाला ठीक, पेट्रोलला ठीक. धरणापुढे ते बिचारं होतं. म्हणून मी तो आकडा चहात मोडून बघितला. कप १०० मिलिलिटरचा धरला, म्हणजे घरातला मध्यम कप, काठोकाठ न भरलेला. एका दरवाजातून सेकंदाला चार लाख चार हजार कप पडतात.

राधानगरी तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दोन लाखांच्या आसपास होती. पाळण्यातली पोरं वजा करा, दिवसाला सहा-सहा वेळा घेणारे म्हातारे मिळवा, सरासरी माणशी दोन कप धरा. चार लाख कप झाले. म्हणजे राशिवड्यापासून दाजीपूरपर्यंत, सरवडे, तारळे, धामोड, सोळांकूर धरून, अख्खा तालुका पहाटेच्या धारेपासून रात्रीच्या भजनापर्यंत जेवढा चहा पितो, तेवढं पाणी एका दरवाजातून एका सेकंदात निघून जातं. 'एक' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तालुक्याचा दिवसाचा चहा संपला.

धरणाला दरवाजे सात आहेत.

हे सातही दरवाजे पाण्याच्या पातळीवर आपले आपण उघडतात आणि बंद होतात. पाणी ठरलेल्या रेषेला आलं की दरवाजाचं पान वर उचललं जातं, पाणी उतरलं की खाली बसतं. साती एकदम उघडले की ९,९९६ क्युसेक, सेकंदाला अठ्ठावीस लाख कप. त्या दिवशी धरणाच्या खाली उभं राहून बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. त्याच दिवशी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात मात्र 'दोन हाप' म्हटलेलं आतल्या माणसाला बरोबर ऐकू जातं.

त्या हॉटेलाकडे जरा नीट बघण्यासारखं आहे. राधानगरी हे कोल्हापूरहून फोंडा घाटाने कोकणात उतरणाऱ्या रस्त्यावरचं गाव. ट्रकवाला घाट उतरण्याआधी इथं थांबतो, घाट चढून आला तरी इथंच थांबतो. दाजीपूरला गवे बघायला निघालेले पर्यटक पहाटे थांबतात, आणि गवा दिसला नाही की परतताना जास्त वेळ थांबतात. पत्र्यावर पाऊस इतका वाजत असतो की बोलणं आपोआप कमी होतं. चहा करणारा मात्र एका लयीत असतो. पातेल्यात पाणी, त्यात साखर, मुठीएवढं आलं खलबत्त्यात दोनच ठोके देऊन टाकलेलं; फार ठेचलं तर कडू उतरतं हे त्याला माहीत आहे. परसातल्या गवती चहाची चार पाती गाठ मारून वरून सोडलेली. पाणी उसळायला लागलं की पावडर, चमच्याने नाही, डब्याच्या झाकणाने. मग दूध, म्हशीचं, कारण कोल्हापुरात गायीच्या दुधाच्या चहाला 'पाणचट' हा एकच शब्द आहे. पहिली उकळी काठावर आली की सांडशीने पातेलं उचलून धरायचं, फेस खाली बसला की परत ठेवायचं. असं तीन वेळा. फडक्यातून गाळून किटलीत, किटलीतून ग्लासात, हात वर वर नेत, धार न तुटता.

ग्लास येतो तो निम्मा भरलेला. मुंबईवाला ज्याला कटिंग म्हणतो तो इथं हाप. अर्धा मागवण्यामागे काटकसर थोडी असते, पण हिशेब वेगळाच असतो. अर्धा चहा गरम असतानाच संपतो, आणि थोड्या वेळानं दुसरा अर्धा मागवायला मोकळीक राहते. पूर्ण कप एकदाच येतो; दोन अर्धे दोनदा येतात. बसायला कारण दोनदा मिळतं.

आणि बशी. शहरात बशीतून पिणाऱ्याकडे लोक तिरक्या नजरेनं बघतात, त्यांनी पट्टी घेऊन मोजावं. कपाचं तोंड सहा सेंटिमीटर रुंद असेल तर चहाचा उघडा पृष्ठभाग सुमारे २८ चौरस सेंटिमीटर भरतो. तोच चहा बशीत बारा सेंटिमीटर पसरला की ११३ चौरस सेंटिमीटर. चौपट पृष्ठभाग, आणि खोली बोटाच्या पेरापेक्षा कमी. वाफ चौपट जागेतून निघते, वरून फुंकर, खालून थंड चिनी माती. ज्याची एसटी घंटी द्यायच्या बेतात आहे त्याच्यासाठी याहून चांगलं यंत्र अजून निघालेलं नाही. भुर्रकन ओढायचा, बशी पालथी घालायची, पळायचं.

असं एक हॉटेल दिवसाला तीनशे कप विकतं असं धरलं, वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षं, तर मालकाच्या हातून सत्तावीस लाख कप गेले. दरवाजाच्या हिशेबात हे पावणेसात सेकंद. आणि गिऱ्हाईक? रोज चार कप, साठ वर्षं, एक दिवस न चुकता, लग्नात, मर्तिकात, उपासाला सुद्धा. कारण उपासाला चहा चालतो, ही महाराष्ट्रानं धर्मशास्त्रात घातलेली मोलाची भर आहे. त्याचे झाले ८७,६०० कप, म्हणजे ८,७६० लिटर. दुधाच्या एका टँकरात बसेल इतका जन्माचा चहा. दरवाजातून तो जायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. पापणी लवायला तेवढाच वेळ जातो.

कप एकावर एक रचून चंद्रापर्यंत नेण्याचा एक छंद आकडेवाल्यांत असतो. मला त्यात राम वाटत नाही. चंद्रावर चहा मिळत नाही. धरण जवळचं आहे, तेव्हा देशाचा चहाही त्यातूनच जाऊ द्या.

भारतात २०२३ साली सुमारे १३९ कोटी किलो चहा पिकला. त्यातला सुमारे २३ कोटी किलो परदेशी गेला; घरात उरला तो ११५ कोटी किलोच्या आसपास. कपाला दोन ग्रॅम पावडर धरली तर वर्षाला ५७,५०० कोटी कप, दिवसाला सुमारे १५७ कोटी. आपण स्वतःला चहाबाज देश समजतो, पण माणशी भागलं तर दिवसाला एक कप आणि वर थोडा घोट, एवढाच वाटा येतो. तुर्कस्तानचा माणूस वर्षाला तीन किलोच्या वर चहा पितो, आपण किलोभरही नाही. राधानगरीच्या स्टँडवर बसलेल्या माणसाला हे पटणार नाही, आणि त्याचंही खरं आहे. सरासरी म्हणजे त्याच्या वाट्याचा सहावा कप कुणातरी न पिणाऱ्याच्या नावावर टाकणं.

तर हे देशाचे १५७ कोटी कप. एका दरवाजातून ते जायला एक तास आणि पाच मिनिटं. साती दरवाज्यांतून सव्वानऊ मिनिटं. काश्मीरचा नून चहा, बंगालचा भांडातला, चेन्नईचा, इराण्याचा, रेल्वेचा, सरकारी कचेरीतला, दवाखान्याबाहेरचा, निवडणुकीतला, सगळा धरून. नऊ-सव्वानऊ मिनिटं, आणि हे धरण महाराष्ट्रातल्या मोठ्यांत मोडतसुद्धा नाही. राधानगरीत ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्याच तालुक्यातल्या काळम्मावाडीला त्याच्या तिप्पट, कोयनेला तर शंभराच्या वर.

८.३६ टीएमसी म्हणजे २३,६७० कोटी लिटर, दोन लाख सदतीस हजार कोटी कप. भरलेल्या राधानगरीवर सगळा भारत चार वर्षं चहा पिऊ शकतो. सगळं जग म्हणाल, तर जगात वर्षाला सुमारे ६६० कोटी किलो चहा होतो. त्याच दोन ग्रॅमच्या मापानं सव्वातीन लाख कोटी कपांच्या वर. राधानगरी जगाला साडेआठ महिने पुरते. चिनी माणूस एकाच पत्तीवर तीन-चार वेळा पाणी घालतो आणि इंग्रजाचा मग आपल्या कपाच्या दुपटीहून मोठा असतो, त्यामुळे या शेवटच्या आकड्याला फार घट्ट धरू नये.

हे झालं पाण्याचं. पण नुसत्या पाण्याला चहा म्हणत नाहीत.

एक किलो पावडरीला साधारण साडेचार किलो ओला पाला लागतो. दोन पानं आणि एक कळी, असं बोटांनी खुडायचं. कपातल्या दोन ग्रॅमसाठी नऊ ग्रॅम पाला, म्हणजे दहाएक कोंब. तुम्ही सकाळी पहिला घोट घेता त्याच्या मागे आसामातल्या कुणा बाईच्या बोटांची दहाएक हालचाल असते. आपल्या देशी चहासाठी अशा हालचाली रोज हजारो कोटींत होतात. यंत्रं आली, कात्र्या आल्या, तरी चांगला माल अजून हातानंच खुडला जातो. १८३९ साली लंडनच्या लिलावात आसामचा पहिला चहा विकला गेला तेव्हा त्याच्या पेट्या आठ होत्या. आठ पेट्यांपासून १३९ कोटी किलोपर्यंत यायला दोनशे वर्षंसुद्धा लागली नाहीत.

साखरेचं तर कोल्हापूरला सांगायलाच नको. कपाला दोन छोटे चमचे, आठ ग्रॅम. देशाच्या चहात रोज साडेबारा हजार टन साखर विरघळते. कोल्हापूर भागाचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास, त्या हिशेबानं लाखभर टन ऊस. रोज पाच हजार टन गाळणारे वीस-एकवीस कारखाने धरा. त्यांच्या तोंडाशी ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात त्या सगळ्या एका दिवसाच्या चहासाठी. अलीकडे गुळाचा चहा जोरात आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत चौकाचौकात गुळाच्या चहाचे फलक लागले. राधानगरीकडच्या म्हाताऱ्यांना याचं हसू येतं. साखर परवडत नव्हती म्हणून ते जन्मभर गुळाचा चहा पीत आले, आणि आता तोच जास्त पैशाला मिळतो.

दुधाचा भाग एक तृतीयांश धरला तर देशाला रोज सव्वापाच कोटी लिटर दूध चहाला लागतं. 'गोकुळ'चं, म्हणजे १९६३ साली निघालेल्या कोल्हापूर जिल्हा दूध संघाचं रोजचं संकलन पंधरा लाख लिटरच्या वर असतं. तसे पस्तीस संघ लागतील. एका पाहुण्यापुढे चहा ठेवताना घरातली बाई 'दूध जरा जास्तच घातलंय' म्हणते, तेव्हा हा पस्तीसचा आकडा तिच्या ध्यानीमनीही नसतो.

उकळीचा हिशेब मला स्वतःला सगळ्यांत जड वाटला. १०० मिलिलिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१ किलोज्यूल ऊर्जा लागते. देशाच्या एका दिवसाच्या चहाला १ कोटी ३७ लाख युनिट. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. सगळे संच पूर्ण ताकदीनं चालवले, एकही दिवा लावला नाही, एकही गिरणी फिरवली नाही, तरी सात तास लागतील, तेही फक्त पहिली उकळी येईपर्यंत. वर सांगितल्याप्रमाणे पातेलं तीनदा उचलायचं असेल तर आणखी. गॅसवर केलं तर शेगडीची उष्णता वाया जाते ती धरून रोज सव्वा लाख सिलिंडर.

आणि वेळ? हा आकडा मी दोनदा तपासला. एका चहाला पाच मिनिटं धरा. करण्याची नाही, नुसती पिण्याची. बसणं, फुंकणं, पिणं, ग्लास ठेवून उगीच बाहेर बघणं. १५७ कोटी कपांची ही पाच-पाच मिनिटं एकापुढे एक ठेवली तर जवळजवळ पंधरा हजार वर्षं होतात. एका दिवसाची. भारत रोज पंधरा हजार वर्षं चहा पीत बसलेला असतो. पंधरा हजार वर्षांपूर्वी जगात कुठं शेती नव्हती, गाव नव्हतं, मातीचं भांडं भारतात कुणी बघितलेलं नव्हतं. तिथपासून आजपर्यंतचा सगळा काळ आपण संध्याकाळपर्यंत बशीत ओतून संपवतो आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढाच घेऊन बसतो. काम बुडतं म्हणून ओरडणाऱ्या साहेबांनी हा आकडा जरूर वापरावा. त्यातला थोडा वेळ त्यांचाही आहे.

इतका वेळ गुणाकार केला, आता भागाकार. तो जास्त थक्क करणारा आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, कारण चहा ही मराठी माणसाची जुनी सवय नाही. १९०३ साली चहावर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार सुरू झाला, आणि पुढच्या दशकांत स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत फुकट कप पाजून ही सवय लावली गेली. त्याआधी चहा पिणं हे धाडस होतं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी बड्या मंडळींना बोलावलं आणि पुढे चहा ठेवला. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी प्यायले, कुणी नुसता हात लावला. नावं छापून आली, ग्रामण्य झालं, म्हणजे बहिष्काराचा वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी.

कोल्हापुरात याच्या उलटं घडलं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीचे. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच नोकरांनी बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना धंदा काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं, नाव 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक कुठलं यायला! मग महाराजांचा तो प्रसिद्ध खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, हॉटेलासमोर थांबायला लागला. महाराज वरूनच मोठ्यानं चहा सांगायचे, स्वतः प्यायचे, बरोबरच्या मानकऱ्यांना पाजायचे. सही घ्यायला आलेल्या माणसाला तिथला चहा घेतल्याशिवाय सुटका नव्हती. पुढे हॉटेलाला सोडावॉटरचं यंत्रही मिळालं. राधानगरी वसवणारे आणि १९०९ साली धरणाचं काम सुरू करणारे ते हेच शाहू महाराज. मुलीच्या, राधाबाईंच्या नावानं गाव वसवलं, भोगावती नदी अडवायला घेतली. पन्हाळ्याकडे चहाच्या लागवडीचा प्रयोगही त्यांनी केला. धरण पुरं झालेलं मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. ६ मे १९२२ ला ते गेले.

आता गंगाराम यांच्या हॉटेलात महाराजांनी घेतलेला एक अर्धा कप घ्या. पन्नास मिलिलिटर. लॉर्ड केल्विन यांच्या नावावर सांगितलं जाणारं एक जुनं गणित आहे, ते इथं लावू. शंभर मिलिलिटर पाण्यात रेणू किती, तर सव्वातीन कोटी परार्ध आणि वर थोडे. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पृथ्वीवरचं सगळं पाणी, समुद्र, बर्फ, नद्या, विहिरी, राधानगरी धरून, याच मापाच्या कपांत ओतलं तर कप भरतात एक लाख चाळीस हजार परार्धांच्या जवळपास. म्हणजे पृथ्वीवर जितके कप पाणी आहे त्याच्या दोनशे चाळीस पट रेणू एका कपात आहेत. महाराज प्यायले तो अर्धा चहा घाम, श्वास आणि बाकीच्या वाटांनी पंचगंगेत, कृष्णेत, बंगालच्या उपसागरात गेला. पूर्ण मिसळला असं धरलं तर आज जगातल्या प्रत्येक कपात त्यातले सुमारे १२० रेणू असायला हवेत.

रसायनशास्त्राचा मास्तर इथं हात वर करील. पाण्याचे रेणू आपसांत हायड्रोजन बदलत असतात, तेव्हा 'तोच रेणू' म्हणता येत नाही. बरोबर आहे, मग ऑक्सिजनचे अणू मोजा, रेणूमागे एकच असतो, आकडा तोच येतो. दुसरी शंका जास्त खरी आहे. खोल समुद्राचं पाणी पूर्ण मिसळायला हजारभर वर्षं लागतात, शंभर पुरत नाहीत. पण ढग तर समुद्राच्या वरच्या पाण्यातून उठतात, आणि जे तळाशी गेलेलं नाही ते वरच फिरत असतं. तेव्हा राधानगरीवर कोसळणाऱ्या पावसात हा आकडा १२० पेक्षा जास्त असेल, कमी नाही.

तो हौदही याच गणितात घालून बघा, ज्याला शिवल्याबद्दल मार बसला. हौद हजार लिटरचा धरला, म्हणजे दहा हजार कपांचा. त्यातलं पाणीही नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात, समुद्रातून ढगात गेलंच. आज कुठल्याही कपात, कुठल्याही घरात, सोवळ्यात भरून ठेवलेल्या घागरीतून काढलेल्या कपातसुद्धा, त्या हौदातले सुमारे चोवीस लाख रेणू आहेत. मारणाऱ्यांच्या नातवंडांच्या कपात आहेत, मार खाणाऱ्याच्या पतवंडांच्या कपात आहेत, तेवढेच. शिवाशिव पाळणारा माणूस गणितात नापासच होतो, आणि अजून गावोगाव चहाच्या टपरीवर कुणासाठी वेगळा ग्लास ठेवला जात असेल तर त्या टपरीवाल्याला हा आकडा कुणीतरी जाऊन सांगायला हवा.

शाहू महाराजांचं पहिलं स्मारक ते गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, कोल्हापुरात उभं राहिलं. त्यासाठी पुढाकार घेतला तो चहाचं हॉटेल चालवणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी.